दर १०० कुटुंबांमागे एक प्रार्थनास्थळ : तळोद्याच्या वसाहतीतलं एका रिसर्च प्रोजेक्टचं प्रकरण

आपल्याकडं एमएला रिसर्च मेथडॉलॉजीचा पेपर असतो, त्यात एथिक्सचं एक युनिट असतं, आणि बहुतेक ठिकाणी ते युनिट संमतीपत्राचा नमुना फळ्यावर लिहून दिला की संपतं. पोरं तो नमुना झेरॉक्स करतात, फील्डवर जातात, सह्या-अंगठे घेतात, प्रोजेक्टच्या शेवटी जोडतात, झालं. मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो आणि आमच्या एका विद्यार्थिनीच्या प्रोजेक्टमध्ये हा नमुना कुठं तुटतो ते मला अगदी जवळून बघायला मिळालं. तिच्या आणि वसाहतीतल्या मंडळींच्या परवानगीनं लिहितोय, म्हणून वसाहतीचं नाव, मूळ गावाचं नाव, कुणाचं आडनाव, यातलं काहीच इथं येणार नाही.

पोरगी पावरा समाजाची. आजोळ अक्राणी तालुक्यातल्या नर्मदाकाठचं, ते गाव सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलं, आणि आजोळची माणसं तळोदा तालुक्यातल्या पुनर्वसन वसाहतीत आली. हिचा जन्मच वसाहतीतला, म्हणजे बुडालेलं गाव तिनं कधी पाहिलेलंच नाही. विषय निवडायच्या वेळी बाकीची पोरं बचत गट, मोबाईलचा वापर, हुंडा असले ठरलेले विषय घेऊन आली आणि ही आली नर्मदा पाणी तंटा लवादाच्या १९७९ च्या निवाड्यातली एक ओळ घेऊन. त्या निवाड्यात पुनर्वसनाच्या गावाला काय काय द्यायचं त्याची यादी आहे, १०० कुटुंबांमागे एक प्राथमिक शाळा, ५०० कुटुंबांमागे एक दवाखाना, ५० कुटुंबांमागे एक विहीर, आणि त्याच यादीत आहे दर १०० कुटुंबांमागे एक धार्मिक प्रार्थनास्थळ. ती म्हणाली, सर, आमच्या गावात प्रार्थनास्थळ नव्हतंच, देव होते. मग आम्हाला काय मिळालं आणि काय गेलं, हे कुणी मोजलं?

इतका नेमका प्रश्न घेऊन आलेला विद्यार्थी मला फार वर्षांत भेटला नव्हता. म्हणजे बघा, निवाडा देणाऱ्यांनी धर्माचा विचार केलाच नाही असं नाही, केला, पण धर्म म्हणजे एक इमारत आणि ती शंभर कुटुंबांना पुरते, असा केला. सातपुड्यात देव डोंगरावर असतो, नदीच्या उतारावर असतो, शिवेवर वाघदेव असतो, एखाद्या झाडाखाली असतो, आणि त्या जागेवरून उचलून दुसरीकडं नेला की तो तोच देव राहतो का, हे ठरवणारा एसडीओ, म्हणजे प्रांत अधिकारी, नसतो, गावचा पुजारा असतो.

प्रोजेक्टला जागतिक बाजू कशी आली तेही सांगायला पाहिजे, कारण आमच्या विभागातच एकजण म्हणाले होते की वसाहतीतल्या देवाचा आणि जागतिक राजकारणाचा काय संबंध. संबंध सरळ आहे. १९८५ साली जागतिक बँकेनं या धरणाला ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. आदिवासींच्या विस्थापनाबद्दल बँकेचं स्वतःचं धोरण होतं, आणि भारतानं १९५८ मध्येच आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा आदिवासींबद्दलचा १०७ नंबरचा करार मान्य केला होता. महाराष्ट्रातली ३३ गावं बुडितात, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणीतली, जवळपास सगळी आदिवासींची. धरणाविरुद्धचं आंदोलन एवढं वाढलं की बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली, त्या समितीनं १९९२ च्या जूनमध्ये अहवाल दिला की सध्याच्या परिस्थितीत सगळ्या विस्थापितांचं नीट पुनर्वसन शक्य नाही आणि बँकेनं एक पाऊल मागं घेऊन नव्यानं विचार करावा. १९९३ च्या मार्चमध्ये भारत सरकारनं उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. त्याच वर्षी बँकेत तपासणी पॅनेल स्थापन झालं, म्हणजे जगातल्या कुठल्याही देशातल्या प्रकल्पग्रस्तांना बँकेविरुद्ध थेट तक्रार करायची सोय झाली, आणि त्यामागं मोठं कारण बुडितातल्या मणिबेली, डोमखेडी, निमगव्हाणकडची माणसं होती. आमच्या पोरांना वॉशिंग्टन लांब वाटतं. ते अक्राणीतल्या धडगावच्या बाजारापासून तेवढं लांब नाही, हे तिनं पहिल्याच प्रकरणात दाखवून दिलं.

दुसरं तिनं जे पकडलं ते मला त्याहून मोलाचं वाटतं. मणिबेलीजवळचं शूलपाणेश्वराचं जुनं दगडी मंदिर पाण्याखाली गेलं, तर त्याच्या बदल्यात गुजरातमध्ये गोऱ्याला नवीन मंदिर उभं राहिलं. इजिप्तमध्ये अस्वान धरण झालं तेव्हा १९६४ ते १९६८ मध्ये अबू सिंबलची मंदिरं दगड दगड कापून वर चढवली, युनेस्कोनं जगभरातून पैसा गोळा केला. तिथल्या हजारो नुबियन लोकांनाही गाव सोडावं लागलं, पण जगाच्या लक्षात मंदिरं राहिली. तिचं म्हणणं असं की जो देव बांधलेल्या रूपात असतो त्याला सरकारी कागदात जागा मिळते, आणि जो देव जागेच्या रूपात असतो त्याची मोजणीच होत नाही. हे वाक्य तिचं आहे, माझं नाही, आणि मी ते वर्गात अजून वापरतो.

आता खरं प्रकरण.

वसाहतीत एक म्हातारबाबा आहेत, मूळ गावचे पुजारा, ही त्यांना आजा म्हणते, लांबचं नातंही लागतं. हिनं संमतीपत्र मराठीत केलं, पावरीत समजावून सांगितलं, बाबांनी अंगठा दिला. दोन-तीन भेटी नुसत्या पिकापाण्याच्या गप्पांत गेल्या. मग एका संध्याकाळी बाबा ओटीवर बसले, सुपातले मक्याचे दाणे मूठभर घेतले आणि सारवलेल्या जमिनीवर गाव मांडायला लागले. ही नर्मदा, म्हणून दाण्यांची लांब वाकडी ओळ. हा नाला. हे पाटलाचं घर, हे आपलं. इथून वर चढ, इथं वाघदेव. हा डोंगर, त्याच्या पोटात अमुक देव, पावसाच्या आधी इथं यायचं, बायांनी इथपर्यंत, पुढं फक्त पुरुषांनी. नातवंडं भोवती बसून ऐकत होती, त्यांच्यातल्या एकानंही ते गाव पाहिलेलं नव्हतं, तरी मधेच एक पोरगा म्हणाला, आजा, तुम्ही नाला चुकवला, मागच्या वेळी इकडून होता, आणि बाबांनी चार दाणे सरकवले. असं तासभर चाललं, फोनवर रेकॉर्डिंग चालूच होतं. शेवटी हिनं फोटोसाठी फोन वर धरला, तर बाबांनी तळहातानं सगळे दाणे एकत्र लोटले आणि परत सुपात टाकले. म्हणाले, तुला कळलं ना, बस. देव कुठं आहे ते तू लक्षात ठेव, कागदावर नको.

हिनं विचारलं, आजा, अंगठा तर दिलाय तुम्ही. ते म्हणाले, अंगठा तुझ्या कामासाठी दिला, तू आपली पोरगी आहेस म्हणून. देवाचा अंगठा माझ्याकडं नाही.

ही दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळीच माझ्याकडं आली. तिचा प्रोजेक्ट मंजूर करताना प्रगती बघणाऱ्या समितीनं लेखी सूचना दिली होती की बुडालेल्या धार्मिक स्थळांचा नकाशा, शक्य तिथं जीपीएस, आणि मुलाखत देणाऱ्यांची नावं परिशिष्टात जोडावीत. त्यांच्या बाजूनं बघायचं तर त्यात चूक काही नव्हती. नकाशा नसेल तर दावा कशावर तपासायचा? आणि समितीतल्या एका मॅडमनी जे सांगितलं ते मला आजही वजनदार वाटतं, त्या म्हणाल्या की हे बाबा गेले की सगळं जाईल, आज लिहिलं नाही तर पन्नास वर्षांनी कुणी विचारलं इथं काय होतं तर दाखवायला काय असेल? त्यांनी नियमगिरीचं उदाहरण दिलं. ओडिशात वेदांताच्या बॉक्साईट खाणीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं १८ एप्रिल २०१३ ला निकाल दिला की डोंगरिया कोंध लोकांच्या धार्मिक हक्कांवर गदा येते का हे ग्रामसभेनं ठरवायचं, आणि त्यानंतर बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. देव डोंगरात आहे हे बोललं गेलं, नोंदलं गेलं, म्हणून डोंगर वाचला. मग आमच्या पोरीनं का लपवायचं?

प्रश्न बरोबर होता आणि त्याला उत्तर द्यावंच लागणार होतं. तिनं ते दिलं, समितीसमोर उभं राहून, अर्ध मराठी अर्ध हिंदीत, आवाज थोडा कापत होता. ती म्हणाली, मॅडम, नियमगिरीत काय सांगायचं ते ग्रामसभेनं ठरवलं, माझ्यासारख्या एका विद्यार्थिनीनं नाही. आणि तिथं डोंगर अजून उभा होता, सांगून वाचणार होता. आमचा पाण्यात आहे. आता सांगून देव वाचत नाही, फक्त पत्ता फुटतो.

पत्ता फुटतो म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. या वसाहतींमध्ये निरनिराळ्या धर्मांची प्रचारक मंडळी येतात, प्रत्येकाला आदिवासींचे देव मुळात कुणाचे हे ठरवून द्यायचं असतं. एका ठिकाणी शिवेवरच्या लाकडी देवाभोवती कुणीतरी फरशा बसवल्या, रंग दिला, पाटी लावली, नाव बदललं. जनगणनेत आदिवासींच्या धर्माला वेगळा रकाना नाही, जे स्वतःहून वेगळं लिहून देतात ते ‘इतर धर्म’मध्ये जातात, २०११ मध्ये देशभरात असे साधारण ७९ लाख लोक होते. सगळीकडून ओढाताण चालू असताना पुजाऱ्याला वाटतं की निदान जागा तरी आपल्यापाशी राहू दे, तर तो हट्टीपणा नाही, त्याचं ते कामच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासी हक्कांच्या २००७ च्या जाहीरनाम्यात बाराव्या कलमात हेच म्हटलंय, की आपली धार्मिक स्थळं जपायचा आणि तिथं खासगीपणे जायचा हक्क या समाजांना आहे. भारतानं त्या जाहीरनाम्याच्या बाजूनं मत दिलंय.

मी वर्गात हवासुपाई लोकांचं प्रकरण शिकवतो, अमेरिकेतल्या ग्रँड कॅनियनमधली ही छोटी जमात. १९९० पासून एका विद्यापीठाच्या संशोधकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी त्यांचं रक्त घेतलं, सह्या रीतसर होत्या. नंतर तेच नमुने स्किझोफ्रेनियाच्या आणि हे लोक मुळात कुठून आले याच्या अभ्यासाला वापरले गेले. आपण याच दरीतले, हा त्यांच्या धर्माचा गाभा, आणि त्यांच्याच रक्तावरून कुणीतरी लिहितंय की तुम्ही दुसरीकडून आलात. २०१० मध्ये विद्यापीठानं ७ लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि उरलेले नमुने परत केले. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी तर २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिताच काढली, की आमच्याकडं यायचं तर आधी आमच्या परिषदेला विचारायचं आणि काम झाल्यावर काय सापडलं ते परत येऊन सांगायचं. माझ्या वर्गात हे सगळं परीक्षेपुरतं होतं. तिनं ते समितीसमोर ठेवलं आणि मग विचारलं, माझ्याकडची सही हवासुपाईच्या सहीपेक्षा वेगळी कशी?

समितीनं मुदत वाढवून दिली, निर्णय दिला नाही. ‘गाइडनं बघावं’ असा शेरा आला.

मी तिला एकच सुचवलं, की या लोकांमध्ये परवानगी मागायची स्वतःची रीत काय आहे ते आधी शोध. आणि ते उत्तर तिच्याच जुन्या टिपणात निघालं. ही वसाहत जंगलाची जमीन मोकळी करून वसवलेली, पण ती जमीन ओसाड नव्हती, आसपास भिल्लांची जुनी गावं आहेत, त्यांचे देव तिथं आधीपासून आहेत. वसाहतीतल्या लोकांना आपला वाघदेव बसवायचा होता तेव्हा ते सरळ बसवून मोकळे झाले नाहीत. पुजारा आणि चार जाणती माणसं शेजारच्या गावच्या पुजाऱ्याकडं गेली, काय काम आहे ते सांगितलं, आणि उत्तर न मागता परत आली. पुन्हा बोलावणं येईपर्यंत थांबली. बोलावणं यायला एक पावसाळा गेला. मग तिकडच्या लोकांनी जागा दाखवली, इथं बसवा, तिथं नको, आणि पहिल्या पूजेला तेही आले. सरकारनं या माणसांना जमीन देताना जे केलं नाही ते या माणसांनी देव बसवताना केलं. माझ्या मते तिच्या सगळ्या प्रोजेक्टमधला सगळ्यात मोठा शोध हा आहे आणि तो नकाशापेक्षा कितीतरी मोठा आहे.

मग तिनं तेच केलं. वसाहतीत जाऊन जाणत्यांना सांगितलं की माझ्याकडं एवढं रेकॉर्डिंग आहे, एवढं लिहिलंय, कॉलेजला एवढं पाहिजे, काय द्यायचं ते तुम्ही ठरवा. आणि परत आली. सबमिशनची तारीख जवळ येत होती, घरचे म्हणत होते की वर्ष वाया जाईल, मलाही काळजी होतीच, पण तिनं एकही फोन केला नाही. बोलावणं होळीच्या नंतर आलं. त्या दिवसांत सातपुड्यात दुसरं काही सुचतच नाही, होळीचा भोंगऱ्या बाजार, काठी गावची होळी, ढोल, सगळी माणसं डोंगरात गेलेली असतात, त्यामुळं उशीर झाला त्यात नवल नाही.

बैठक ओट्यावर झाली, पुरुष पुढं, बाया मागं. तिनं लिहिलेलं सगळं पावरीत वाचून दाखवलं. होळी, इंदल ही नवसाची पूजा, वाघदेवाची पूजा, याहामोगी देवीच्या जत्रेला देवमोगऱ्याला जाणं, वसाहतीत देव कसा बसवला, हे सगळं लिही म्हणाले, उलट दोन ठिकाणी दुरुस्त्याही सांगितल्या. डोंगरातल्या जागा, तिथं म्हणायचं ते, आणि कोण कुठपर्यंत जाऊ शकतो, हे नको. मुलाखतीतली नावं नको. इथपर्यंत अंदाज होताच. पण मग मागून एक म्हातारी बोलली आणि तिच्यामागं बाकीच्या बाया बोलायला लागल्या, की तुम्ही देवाचं विचारता, खर्चाचं का नाही विचारत? पाणी उतरलं की डोंगराचा माथा मोकळा असतो, तिथं पूजेला जायचं तर इथून गाडीनं धडगावकडं, मग खाली किनाऱ्यापर्यंत, मग बोट, दोन दिवसांची मजुरी बुडते, बकरा-कोंबडं वेगळं, दारू वेगळी. पूर्वी हे सगळं घरातून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. आणि हा खर्च प्रत्येक घर वर्गणीतून करतं, ज्याला जमत नाही तो गप्प बसतो आणि हळूहळू पूजेतून बाजूला पडतो. हे लिही, आणि आमचं नाव न घालता लिही, पण नक्की लिही.

या एका गोष्टीनं प्रोजेक्टचं चौथं प्रकरण आख्खं बदललं. पुनर्वसनाच्या कुठल्याही हिशेबात जमीन असते, घर असतं, झाडं असतात, देवाला जायचं भाडं नसतं. ती नकाशामागं लागून राहिली असती, तर बायांच्या तोंडून हे कधी आलंच नसतं, कारण पुजाऱ्याच्या ओटीवरच्या त्या मुलाखतींत बाया चहा देऊन आत जात होत्या.

प्रोजेक्ट सबमिट झाला. नकाशाच्या जागी एक पान आहे, त्यावर लिहिलंय की स्थळांची माहिती संशोधकाकडं आहे, वसाहतीच्या बैठकीच्या निर्णयानुसार ती इथं दिलेली नाही, बैठकीत कोणत्या प्रकारची माहिती द्यायची ठरलं आणि कोणती नाही याचा तपशील खालीलप्रमाणे. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या पानावर बराच वेळ घेतला. ते म्हणाले, पडताळणी होऊ शकत नाही तो डेटा नाही, आणि त्या रकान्यात मार्क कापले. मला हे मान्य नाही आणि मी तसं तिथंच बोललो. पत्रकार सूत्राचं नाव देत नाही, डॉक्टर पेशंटचं देत नाही, म्हणून त्यांचं काम खोटं ठरत नाही. पडताळणी करायची तर वसाहत आहे, माणसं आहेत, बैठकीचा ठराव आहे, तो ठराव खरा आहे की नाही हे जाऊन विचारता येतं. मुळात आपण काय सिद्ध करत होतो? गाव बुडाल्यावर धर्माचं काय होतं. ते तिनं दाखवलं, देव कुठल्या दगडाशी आहे हे न सांगता.

मॅडमचा मुद्दा मात्र उरतोच, बाबा गेले की काय? यावर वसाहतीनं जे ठरवलं ते असं, की रेकॉर्डिंग पुसायचं नाही. तिनं सगळ्या फाइल दोन मेमरी कार्डवर घेऊन एक बाबांच्या नातवाकडं दिलं, तोच तो नाला चुकला म्हणणारा, आणि एक पाटलांच्या घरी. स्वतःच्या फोनमधून आणि लॅपटॉपमधून काढून टाकलं. पुढच्या वर्षी कुणी ऐकायला मागितलं तर द्यायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं, आम्ही नाही. याच महिन्यात आमच्याच विभागातल्या एका मुलाला त्याच विषयावर पुढं काम करायचंय म्हणून तो माझ्याकडं फाइल मागायला आला होता. मी त्याला वसाहतीचा रस्ता सांगितला आणि म्हणालो, जा, काय काम आहे ते सांग, आणि परत ये. तो गेलाय. अजून बोलावणं आलेलं नाही.